भर रस्त्यात घेतलेलं नाव

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षक. गावात मला मॅडम म्हणतात, आणि पाठीमागे काय म्हणतात ते आमच्या ड्रायव्हरला ठाऊक. पोरांचे दंड फितीने मोजायचे, फीत लाल खुणेवर आली की पोराला बालाघाटच्या सरकारी दवाखान्यात, कुपोषित मुलांच्या वॉर्डात पोचवायचं, हे माझं काम. मोजणं सोपं आहे. आईची, सासूची, आणि कधी कधी अख्ख्या गल्लीची समजूत घालता घालता तोंडाला फेस येतो.

त्या दिवशी परसवाड्याकडच्या एका गावात एक तान्ही म्हणावी अशी पोर सापडली. दीड वर्षाची होती, पण दिसत नव्हती. पायांवर सूज. बोटाने दाबलं की खळगा पडे आणि तसाच राही. मी तिच्या आईला म्हटलं, आजच निघायचं. नवरा नागपूरला इमारतीच्या कामावर, सासू शेतात. ती शेजारणीजवळ निरोप ठेवून, पिशवीत दोन साड्या कोंबून गाडीत येऊन बसली. मला इतक्या लवकर कोणी हो म्हणत नाही. म्हणजे पोरीचं काही खरं नाही हे तिलाही कळलं होतं, आणि त्यानेच मी जास्त घाबरले.

आमच्या या पट्ट्यात जंगलात बरीच वर्षं बंदुका फिरल्या. आता ते दिवस सरले म्हणतात. रस्ते झाले, मोबाइलचे मनोरे उभे राहिले. अनोळखी गाडीची भीती मात्र लोकांच्या अंगातून गेलेली नाही. त्यात त्या महिन्यात घरोघरच्या मोबाइलवर एक मेसेज फिरत होता: पांढऱ्या गाडीतून बाया येतात, पोरांना गुंगीचं औषध देतात आणि उचलून नेतात. आमची गाडी पांढरी, भाड्याची, सरकारी पाटी नसलेली. मागच्या सीटवर मी, आणि आईच्या मांडीवर मान टाकून पडलेली पोर. मेसेज लिहिणाऱ्याने आम्हाला बघूनच लिहिला असावा.

वाटेत लामता गावाच्या अलीकडे रस्त्यावर लाकूड आडवं टाकलेलं होतं. गाडी थांबली आणि झाडांमागून माणसं आली. काठ्या होत्या, एकाच्या हातात कुऱ्हाड. कोणीतरी आत हात घालून किल्ली काढून घेतली. आमचा ड्रायव्हर एरवी कोणाला बोलू देत नाही, त्याची बोबडी वळली.

"पोरगी बेहोश हाय," खिडकीतून डोकावून एक जण ओरडला. "दवाई दिली इले."

मी गळ्यातलं कार्ड पुढे केलं. मेसेज मोबाइलवर उघडून धरलेला एक तरुण म्हणाला, "कार्ड त कोनीबी बनवते." मी बोलायला लागले, दवाखाना, सूज, वॉर्ड, आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता. तो म्हणाला, "तू चूप राय. तिले बोलू दे." मग आईकडे वळला. "पोरगी तुयी हाय?"

"हौ."

"बाप का नाम बता."

तिने पदर पुढे ओढला आणि खाली बघत बसली.

"पोरगी तुयी हाय, त बापाचं नाव माहीत नाही?"

नाव मला माहीत होतं, पण मी सांगितलं असतं तर पढवलेलं ठरलं असतं. बॉनेटवर काठी पडली. मी तिचा दंड घट्ट धरला आणि म्हटलं, "अगं सांग ना, मारतील आपल्याला." खरं सांगते, मला त्या काठीवाल्यांपेक्षा तिचा राग आला होता. मी माझ्या नवऱ्याला नावाने हाक मारते, सासूदेखत मारते. तिचं तोंड कशाने शिवलं आहे हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ते आलं मागे जमलेल्या गर्दीतल्या एका म्हातारीच्या. "काहून दरडावता तिले?" ती माणसांना ढकलत पुढे आली. "नवऱ्याचं नाव हाय ते. एवढ्या मानसांत सांगन का ते? उखान्यात घे वो बाई."

कुऱ्हाड, काठ्या, आणि उखाणा. पदराआडून कापरा आवाज आला, "वैनगंगेच्या काठी पिकते धान..." पुढची ओळ येईना. ओठ हलत होते. बॉनेटवर दुसरी काठी पडली, आणि तिच्या तोंडून नाव निघालं. नुसतं नाव, आडनावासकट, मागेपुढे काही नाही.

मागून एक जण म्हणाला, "थांबा बे. हा त माझ्यासंगं नागपूरले कामाले होता." त्याने तिला गाव विचारलं, सासऱ्याचं नाव विचारलं. सासऱ्याचंही तिने घेतलं नाही; त्यानेच एक नाव घेतलं आणि तिने मान हलवली. किल्ली परत मिळाली. "गलती झाली, मॅडम," तो मोबाइलवाला म्हणाला. मी काच वर केली. माझं मन एवढं मोठं नाही.

बालाघाट येईपर्यंत ती रडत होती. मला वाटलं, मार चुकला म्हणून. दवाखान्याच्या पायऱ्यांशी ती थांबली. पोर छातीशी, पण पाऊल उचलेना.

"मॅडम, फोन लावून द्या त्याहिले."

"आधी पोरीला आत घेऊ. फोन मग."

"मी नाव घेतलं." ती माझ्याकडे बघत नव्हती. "उखाना पुरा नाही झाला. नुसतंच घेतलं. तसं घेतलं का नवऱ्याचं आयुष्य घटते. ते वरच्या माळ्यावर काम करते."

नंबर तिला पाठ होता. घंटा वाजत राहिली आणि बंद झाली. कामावर असेल, ऐकू जात नसेल, मी म्हटलं. परत लावला. परत तेच. एवढी शिकलेली मी, फोन कानाला धरून उभी होते आणि माझ्या डोळ्यांपुढे बांबूची परांची दिसायला लागली, तिच्यावरून घसरणारा पाय दिसायला लागला. पोर कण्हली. मी पुन्हा लावला.

या वेळी पलीकडून पुरुषाचा आवाज आला, "कोन?" मी फोन तिच्या कानाला लावला.

तिने आवाज ऐकला. बराच वेळ नुसता ऐकला.

"काई नाही," ती म्हणाली. "जेवले का?"

मग तिने फोन माझ्या हातात दिला, पोरीला खांद्यावर घेतलं आणि पायऱ्या चढायला लागली.