जावयाचं अभ्यंगस्नान, तेही स्पामध्ये!

फजिती सांगतो, पण आधी तो चहाचा कप खाली ठेवा. मागच्या वेळी सांगताना एकाच्या नाकातून चहा आला आणि बोल मला लागला.

त्याचं असं झालं, धायरीत आमची जमीन. आता जमीन कसली, जिथं ज्वारी डुलायची तिथं सोसायट्या उभ्या आहेत. चार पैसे हातात आले, बंगला झाला. मग माझ्या डोक्यात भूत शिरलं. मागच्या अंगणात स्विमिंग पूल पाहिजे! आणि त्याला चिकटून स्पा! म्हणजे गरम पाण्याचा छोटा हौद हो. बटण दाबलं की चारी बाजूंनी फवारे अंगावर येतात, खदाखदा बुडबुडे उठतात. आत बसायचं, डोळे मिटायचे आणि मोठा माणूस झाल्यासारखं वाटून घ्यायचं.

"अवो, पाण्याची विहीर बुजवली अन् तिथंच हौद बांधला! ह्याला काय शानपन म्हनायचं व्हय?" ही आमची सुमन. माझी बायको.

"विहिरीला बटण असतं का?" मी म्हणालो. संपला विषय.

खरं सांगू? हा सगळा थाट व्याह्यांसाठी होता. लेकीनं, प्राजक्तानं, नारायण पेठेतला मुलगा पसंत केला. सौमित्र. पोरगं सोन्यासारखं. पण त्याचे वडील! अहो, लग्नात मी पाच पक्वान्नं ठेवली, तर मला म्हणतात, "छान. साधं वरण कुठे मिळेल?" आतून असा पेटलो! ठरवलं, ह्या माणसाला एकदा तरी माझा पाहुणचार बघून थक्क करून सोडायचं. नाहीतर नाव लावणार नाही.

आणि आला की जावयाचा पहिला दिवाळसण! नरकचतुर्दशीला पाटावर बसवून चार तांबे कुणीही घालेल. आपण स्पावाली माणसं! जावयाचं अभ्यंगस्नान स्पामध्येच करायचं, आणि तेही व्याही-विहीणबाईंच्या डोळ्यांदेखत.

आदल्या संध्याकाळी बघतो तर पुलाचं पाणी खाली गेलेलं. शोभा जाते ना! गच्चीवरच्या टाकीतलं होतं नव्हतं ते पाणी पाइप लावून पुलात सोडलं. म्हटलं, घरात वापरायला काय, सकाळी टँकर येतोच की.

पहाटे व्याही-विहीणबाई लेक-जावयाला घेऊन अगदी ठरल्या वेळेला हजर. व्याह्यांच्या अंगात पांढराशुभ्र झब्बा, डोक्याला कानटोपी.

"चला, उतरा व्याहीबुवा!"

"मी आंघोळ करून आलोय."

"अहो, पण ही मजा वेगळी!"

"असेल. मी मजेसाठी आंघोळ करत नाही."

घ्या! सुमननं जावयाला तेल चोळलं. जावई एकटा बरा दिसत नाही म्हणून मीही चोळून घेतलं. उटण्याचं पातेलं घेतलं, चंदनी साबण घेतला.

"बाबा, स्पामध्ये तेल-साबण बहुतेक चालत नाही," सौमित्र हळूच म्हणाला.

"जावईबापू, आज तेल-उटण्याशिवाय आंघोळ केली तर माणूस नरकात जातो!"

आम्ही उतरलो. पाठी घासल्या, सगळं उटणं पाण्यात कालवलं आणि मी ऐटीत बटण दाबलं.

अहाहा! फेस आला. छातीपर्यंत आला. मी व्याह्यांकडे बघून हसलो. फेस गळ्यापर्यंत आला. मी हसायचा थांबलो.

"बाबा, बंद करा!" प्राजक्ता ओरडली.

बंद काय करा? तेलकट बोटं बटणावर ठरेनात! कुठलंतरी दाबलं गेलं आणि आत निळे दिवे लागले. फेस निळा! तो काठावरून पुलात उतरला, रांगोळीवर गेला, पणत्या विझवून घराच्या पायऱ्या चढायला लागला.

"अहो, सौमित्र कुठाय?" विहीणबाई रडकुंडीला आल्या.

"आई, मी इथेच आहे," फेस बोलला.

मग मशीन गुरगुरलं, एका फवाऱ्यातून उटण्याचा गोळा सुटला तो थेट व्याह्यांच्या झब्ब्यावर, आणि सगळं थंड. मला तर वाटलं, हौदातच राहावं. वर यायलाच नको.

धडपडत बाहेर आलो. अंगावर तेलाचा, उटण्याचा चिखल. नळ सोडला, नुसती हवा! टाकी रिकामी मीच केलेली ना! टँकरवाल्याला फोन लावला तर तो माझ्यावरच डाफरला, "सायेब, वर्षाची दिवाळी हाय, आमालाबी आंघोळ हाय का न्हाई?" स्वयंपाकघरात प्यायचं हंडाभर होतं, त्यात जावयाचे डोळे तेवढे धुतले.

पुलात लाखभर लिटर पाणी, पण तेही तेला-फेसानं बरबटलेलं, आणि आंघोळीला तांब्याभर नाही!

व्याही शांतपणे झब्बा झटकत म्हणाले, "आमच्याकडे नळाला पाणी येतं. चला."

कपडे घ्यायचंही सुचलं नाही हो! गाडीच्या सीटवर पोती टाकली आणि सासरा-जावई टॉवेल गुंडाळून बसलो. शहरभर माणसं पैठण्या-झब्बे घालून दिवाळी पहाटेच्या गाण्यांना निघालेली. सिग्नलला आमच्याकडे बघत होती. अंगावरचं उटणं असं वाळलेलं, की तोंड लपवायला हात वळवला तरी पोपडे पडायचे.

नारायण पेठेत बाथरूम एवढंसं. बादलीतलं पाणी मात्र कडकडीत. व्याह्यांनी स्वतः माझ्या पाठीवर तांबे घातले. मला इतकी लाज वाटली आणि इतकं बरंही वाटलं, काय सांगू!

बाहेर आलो तर पाट मांडलेला. मला वाटलं जावयासाठी.

"बसा," व्याही म्हणाले. विहीणबाईंनी मला ओवाळलं, हातावर लाडू ठेवला. आणि मी टॉवेलवरच आहे हे बघून व्याह्यांनी स्वतःचा दिवाळीचा कोरा झब्बा माझ्या हातात दिला.

मी म्हटलं, "अहो, हे कशाला?"

"असू दे. पहिलाच दिवाळसण आहे तुमचा," व्याही म्हणाले. "फक्त रुसू नका, जावईबापू. अंगठी पुढच्या वर्षी बघू."