तीट लावलेलं बाळ

पोलीस खात्यातून बाहेर पडून आता काही वर्षे झाली. विष्णुपुरीच्या धरणाकडे सकाळचा फेरफटका, घरी आल्यावर वर्तमानपत्र, दुपारी नातवाचा अभ्यास, असा माझा दिवस जातो. पुष्कळ गुन्हे विसरलो, आरोपींचे चेहरे एकमेकांत मिसळून गेले. पण शिरूर अनंतपाळ भागात नेमणुकीला असताना एका दुपारी आलेला फोन अजून कानातून गेलेला नाही. संबंधित माणसे आज सुखात आहेत, म्हणून नावे लिहीत नाही.

आमचे ठाणे लहान होते. सकाळची हजेरी झाली, कामे वाटून दिली की दुपारपर्यंत तसे शांत असायचे. ठाणे अंमलदाराच्या टेबलावर जुना लँडलाइन फोन होता. समोरच्या हॉटेलातून चहा यायचा आणि चहाबरोबर गावातल्या निम्म्या बातम्याही यायच्या. माझ्याबरोबर एक महिला हवालदार होत्या. बोलायला फटकळ, पण रडणाऱ्या माणसाजवळ तासभर गप्प बसण्याची कला त्यांना अवगत होती. खात्यात ही कला कुणी शिकवत नाही. त्या दिवसांची आठवण झाली की मला पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकू येतो.

त्या दुपारी फोन मीच उचलला. बाईचा आवाज होता, अगदी ठाम. तिने एका गल्लीचा पत्ता सांगितला. त्या घरात तान्हे बाळ आले आहे, पण घरात कुणी बाळंत झालेले नाही, येऊन बघा, एवढे बोलून तिने फोन ठेवला.

निनावी खबर आली की मी आधी खबर देणाऱ्याचा विचार करतो. शेजारणीचे भांडण असेल, भावकीतला वाद असेल, असे वाटले. तरी स्टेशन डायरीला नोंद केली, हवालदारबाईंना साध्या कपड्यात यायला सांगितले आणि आम्ही निघालो.

घराचे दार उघडेच होते. घर माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका गुरुजींचे. त्यांची पत्नी एका शाळेच्या ग्रंथालयात नोकरीला होती. दोघेही चाळिशीच्या आतबाहेर. बाई भिंतीला टेकून खाली बसल्या होत्या आणि त्यांच्या मांडीवर महिना-सव्वा महिन्याची मुलगी झोपलेली होती. गुरुजी मला पाहून उभे राहिले ते उभेच. बाई मात्र जागच्या हलल्या नाहीत. आम्हाला पाहून त्यांना आश्चर्य वाटल्याचे दिसले नाही. हे मी मनात टिपून ठेवले.

गुरुजींनी सांगितले की बाळ लांबच्या नातलगाचे आहे, दत्तक घेतले आहे, बाँडवर सह्या व्हायच्या आहेत. मी विचारले, कोणता नातलग, कुठला? ते एकदा एक गाव सांगत, एकदा दुसरे. आयुष्यभर मुलांना खरे बोला म्हणून सांगितलेल्या माणसाला खोटे बोलायचा सराव नसतो. दोघांनाही ठाण्यात यावे लागेल असे मी सांगितले. बाई लगेच उठल्या, दुपट्यात बाळ नीट गुंडाळले आणि निघाल्या.

ठाण्यात मी गुरुजींना चहा दिला आणि बाळाचा विषय बाजूला ठेवून त्यांनाच बोलू दिले. हळूहळू सगळे बाहेर आले. दवाखाने करून थकल्यावर दोघांनी रीतसर दत्तकासाठी सरकारी पोर्टलवर अर्ज केला होता. उत्पन्नाचे दाखले, आरोग्याचे दाखले, विवाहाचा पुरावा, सगळे जोडले होते. दत्तक संस्थेच्या समाजसेविका घरी येऊन गेल्या. घर पाहिले, दोघांना वेगवेगळे बसवून प्रश्न विचारले आणि गृहभेटीचा अहवाल चांगला दिला. त्यानंतर सुरू झाले वाट पाहणे. गुरुजी रोज शाळेतून आले की मोबाइलवर प्रतीक्षा यादीतला आपला क्रमांक पाहायचे. तो कधी थोडा सरकायचा, कधी महिनोन् महिने तिथेच. वर्षे गेली. गृहभेटीच्या अहवालाची मुदत संपत आली, म्हणजे समाजसेविका पुन्हा येणार, तेच प्रश्न पुन्हा.

"साहेब, नंबर बघू बघू डोळे गेले," गुरुजी म्हणाले. "आमचं वय वाढून राहिलं अन् नंबर तिथंच."

अशा वेळी त्यांना एक बाई भेटली. पूर्वी एका खासगी प्रसूतिगृहात आयाचे काम केलेली, हदगावकडची. सगळे तिला मावशी म्हणत. पोर्टलच्या नादाला लागाल तर म्हातारे व्हाल, माझ्याकडे एक टाकून दिलेली पोर आहे, बाँडवर सह्या केल्या की पुढे कुणी विचारत नाही, असे तिने समजावले. आदल्या दिवशी नांदेडला बोलावून बाळ गुरुजींच्या हातात दिले. आधी घरी नेऊन बघा, सह्या आणि देणेघेणे दोन दिवसांनी, असा वायदा ठरला. गुरुजी बाळ घेऊन घरी आले आणि बायकोसमोर ठेवले. तोवर तिला यातले काहीच ठाऊक नव्हते.

मावशीचा पत्ता आणि फोन नंबर मात्र गुरुजी सांगेनात. नाव सांगितले की बाळ जाणार, हे त्यांना कळत होते. मी कायदा समजावला. अशा रीतीने मूल घेणाराही गुन्हेगार ठरतो हे सांगितले. आम्ही फोनवरच्या खबरीवरून आलो, हेही बोलण्यात आले. कुणी फोन केला ते तरी सांगा, एवढेच ते परत परत विचारू लागले. त्यांचा संशय शेजाऱ्यांवर होता.

त्यांची पत्नी हवालदारबाईंजवळ बसून बाटलीने बाळाला दूध पाजत होती. ती मान वर न करता म्हणाली, "शेजाऱ्यांना बोल लावू नका. फोन म्याच केला."

गुरुजींनी तिच्याकडे पाहिले आणि मग नुसते भिंतीकडे पाहत राहिले.

मी तिला कारण विचारले. तिने बाळाचा चेहरा माझ्याकडे वळवला. डाव्या गालावर काजळाची तीट होती, जराशी फिसकटलेली.

"हे आलं तवा तीट ताजी होती साहेब. म्या तिचं सगळं अंग पुसून घेतलं, पण तेवढी पुसायला हात झाला न्हाई. टाकून दिलेल्या लेकराला कुणी दृष्ट लागू नये म्हणून तीट लावत नसतं."

ती पुढे सांगू लागली. गृहभेटीला आलेल्या समाजसेविकेने तिला विचारले होते की मूल मोठे झाल्यावर त्याला खरे सांगाल का. ती लगेच हो म्हणाली होती. "आता हिला मी काय खरं सांगणार होते? तुझी आई कुठं तरी तुला हुडकून राहिली, हे?"

आदल्या संध्याकाळपासून ती नवऱ्याला हेच सांगत होती. नवरा ऐकत नव्हता, हात जोडत होता. शेवटी तिने फोन केला. बाळ हातचे जाणार हे तिला माझ्याइतकेच ठाऊक होते.

मग गुरुजींनी खिशातून मोबाइल काढला आणि मावशीचा नंबर माझ्यापुढे धरला.

बाईंची फिर्याद घेतली, पंचनामा झाला. लेकरू त्याच दिवशी बालकल्याण समितीच्या आदेशाने लातूरच्या शिशुगृहात पाठवायचे होते. हवालदारबाईंच्या हातात बाळ देताना बाईंनी बाटली, दोन झबली, एक दुपटे असे सगळे पिशवीत भरून दिले. पाठ फिरवून बाहेर ओट्यावर जाऊन बसल्या. त्या रडताना मला दिसल्या नाहीत. हवालदारबाई मात्र जीपमध्ये लातूरपर्यंत डोळे पुसत होत्या.

सह्यांचे निमित्त करून मावशीला नांदेडच्या बसस्थानकाजवळ बोलावले. स्थानिक पोलिसांना आधीच कळवले होते. ती आली, गुरुजींशी बोलायला लागली आणि हवालदारबाईंनी तिचा हात धरला.

मावशी मुरलेली होती. शेताच्या बांधावर पोर सापडली, आई कोण ठाऊक नाही, मी तर पुण्य केले, हे तिचे पालुपद. दरडावण्याचा काही उपयोग नव्हता. मी तिच्या नातवंडांची चौकशी केली. ती खुलली. लहान लेकरांना कसे सांभाळायचे यावर तिचे बोलणे सुरू झाले. मी विचारले, ही पोर सापडून किती दिवस झाले? आठ दिवस, ती म्हणाली. रोज न्हाऊ घालत होता का?

"हाव साहेब. रोज तेल लावून, ऊन पाण्यानं."

"मग नांदेडला आणलं त्या दिवशी तीट तुम्हीच लावली?"

"म्या कशाला लावू," ती सहज बोलून गेली, आणि तिथेच थांबली. मुले-नातवंडे परगावी, घरात आपण एकटीच, हे तिने आधीच सांगितले होते. मग त्या सकाळी तीट लावली कुणी, हा प्रश्न मी पुन्हा विचारला नाही. हवालदारबाईंनी तिच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला. पाणी पिऊन झाल्यावर तिने गावाचे नाव सांगितले.

हदगाव तालुक्यातल्या त्या गावी आम्ही गेलो तेव्हा ती तरुण आई दुसऱ्याच्या शेतात कापूस वेचत होती. नवरा कामासाठी हैदराबादला गेला तो परतलाच नव्हता. भावाच्या घरी ती कशीबशी राहत होती. मावशीने तिला सांगितले होते की नांदेडच्या संस्थेत पोर ठेवते, तुझे बस्तान बसले की घेऊन जा. त्या सकाळी तिने लेकीला न्हाऊ घातले, तीट लावली आणि मावशीच्या हवाली केले. पोलीस पाहून इतर बाया पांगल्या. ती पळाली नाही. कमरेची कापसाची ओटी तशीच धरून तिने एकच विचारले, "ती लई रडून राहिली का?"

पुढची चौकशी, तपासण्या, समितीपुढच्या तारखा यात काही आठवडे गेले. लेकरू आईला परत द्यायचे ठरले. तिच्या राहण्याची, कामाची सोय एका महिला संस्थेने केली. सुपूर्द करण्याच्या दिवशी गुरुजींच्या पत्नीला यायची गरज नव्हती. तरी त्या आल्या. पोटावर पालथे घेऊन थोपटले की ही लवकर झोपते, एवढे त्यांनी त्या आईला सांगितले. आईने लेकरू त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी ते थोडा वेळ घेतले आणि स्वतःच उचलून परत दिले.

मावशीवर खटला चालला, तिला शिक्षा झाली. देणेघेणे झालेले नव्हते, त्यामुळे गुरुजी साक्षीदार राहिले.

त्यांच्या अर्जाची मात्र मला काळजी होती. अहवालाच्या नूतनीकरणासाठी समाजसेविका आल्या तेव्हा दोघांनी हे प्रकरण आपणहून सांगून टाकले. त्यावर वरून विचारणा झाली आणि परिचितांच्या शिफारशी मागवल्या गेल्या. गुरुजी संकोचत माझ्याकडे आले. मी लिहून दिले: मूल दुसऱ्याचे आहे असे कळल्यावर ते परत करणारी बाई मी पाहिली आहे. आई होण्याची याहून मोठी लायकी मला ठाऊक नाही.

दरम्यान माझी बदली झाली, मग निवृत्ती. एके दिवशी गुरुजींचा फोन आला. पोर्टलवरून एका मुलीचा फोटो आला होता. ठरलेल्या मुदतीत होकार कळवायचा होता. त्यांनी तो काही मिनिटांतच कळवून टाकला होता. जिल्हाधिकाऱ्यांकडे दत्तक आदेश मिळण्याच्या दिवशी मीही लातूरला गेलो. ज्या आवारात मी एरवी बंदोबस्त लावत फिरलो, तिथे त्या दिवशी बाकावर बसून पेढे खाल्ले. हवालदारबाईही आल्या होत्या. त्या आता आजी झाल्या आहेत.

नोकरीत मला पुष्कळ खबरी मिळाले. कुणी सूड म्हणून खबर दिली, कुणी बक्षिसासाठी, कुणी स्वतः सुटायला म्हणून. खबर मिळाली की यात याचा फायदा काय, हे आधी शोधायचे असे मी नव्या पोरांना शिकवत आलो. स्वतःच्या मांडीवरचे सुख जाईल हे जाणून खबर देणारी अशी मला एकच भेटली. तेव्हापासून ते शिकवताना मी शेवटी एक वाक्य जोडू लागलो: कधी कधी फायदा काहीच नसतो, तेव्हा टोपी काढून ऐकायचे.

गेल्या दिवाळीत मी त्यांच्या घरी गेलो होतो. मुलगी आता शाळेत जाते. बाई आत फराळाचे ताट भरत होत्या. गुरुजी दारातच माझ्याशी हळू आवाजात बोलले.

"साहेब, मी तिच्यावर लई दिवस रागावलो होतो. बोलतसुद्धा नव्हतो. ते लेकरू तसंच ठेवून घेतलं असतं, तर जन्मभर दार वाजलं की काळजात धस्स झालं असतं." मग जरा हसले. "आता बेल वाजली तर आधी पोरीच्या वेणीला रबर लावतो, मग सावकाश जाऊन दार उघडतो."