काकांच्या लेकीच्या लग्नाची गाडी मी बिघडवली

मंडळी, आज दुपारी माझ्या हातून मोठी चूक झाली, म्हणून इथं लिहून राह्यलो.

कॉलेज अर्ध्यात सोडल्यापासून मी मोताळ्याला रफिकभाईंच्या गॅरेजवर असतो. आज आमच्या गावातल्या गजाननकाकांची टप उघडणारी, दोन सीटची लाल गाडी इंजिनचा टायमिंग बेल्ट बदलायला आली होती. उद्या काकांच्या लेकीचं लग्न. टप उघडून, तिला शेजारी बसवून, स्वतः गाडी चालवत सासरी पोचवायचं, हे काका ती लहान असल्यापासून म्हणायचे.

बेल्ट मी चढवला. रफिकभाई म्हणाले, "पहिले पान्यानं इंजिन हातानं फिरव, कुठं अटकते का पाह्य. मंगच चाबी मार."

तेवढ्यात माझ्यावर रुसलेल्या मैत्रिणीनं, शीतलनं, परत माझा फोन कापला. डोकं सणकलं. "मले शिकवू नका!" म्हणत मी थेट चाबी मारली.

कडाकड आवाज झाला अन् इंजिन बंद पडलं. बेल्ट चुकीच्या दातांवर बसला होता, आतले व्हॉल्व वाकले; आता उद्यापर्यंत गाडी दुरुस्त होणं शक्य नव्हतं.

काका आले तेव्हा रफिकभाई खाली मान घालून म्हणाले, "काका, माह्या हातून चुकलं."

काका बॉनेटवरून हात फिरवत राहिले. "जाऊ दे बे रफिक. पोरगी जीपमधी जाईन."

मी पाना धरून बाजूलाच उभा होतो. रागात मले लय बोलता येते, तेव्हा मात्र नुसता पाना पुसत राह्यलो.

उद्या मांडवातच काकांना खरं सांगू, का लेक सासरी जाईपर्यंत थांबू? तोवर गावभर नाव रफिकभाईंचं खराब होईल. तुम्ही काय केलं असतं?