गवताच्या रंगाचा शर्ट

धामणकर नाक्यावर गणेशपुरीच्या एसटीत एक पन्नाशीची बाई माझ्या शेजारी येऊन बसली. बोटांवर सुताचे बारीक चरे होते. एकोणनव्वद साल असावं. मी पहिल्यांदाच एकटा डोंगर चढायला निघालो होतो. पाणी, टॉर्च, दोरी, सगळं आठवणीनं भरलेलं. तरी तिची नजर माझ्या शर्टावरून हलेना, तेव्हा मला थोडा रागच आला. भिवंडीत लूमवरचं कोरं, पिवळट कापड घरोघर असायचं, त्याचाच तो शिवलेला.

"ह्यो रंग सुक्या गवताचा हाय," ती हळूच म्हणाली. "माझा पोरगा असाच गेलता. गवतात बेसुद पडला. हाका मारीत मानसं दोनदा बाजूनं गेली, कुनाला दिसला न्हाय."

"मग सापडला ना?"

ती पिशवी चाचपत राहिली. त्यातली लाल चिंधी काढून तिनं माझ्या सॅकला बांधली, गाठ ओढून पाहिली, सोडून पुन्हा बांधली.

उतरताना मी म्हणालो, "येतो, मावशी."

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही. टोपी, शर्ट, पँट, बूट, असं वरपासून खालपर्यंत ती निरखत राहिली. उद्या कुणी विचारलं तर सांगता यावं म्हणून.