भज्यांत गेलेलं पान

रिसोडच्या बसस्टँडवर नवी कॉमिक्स, नव्या रहस्यकथा आल्या की मी आधी वास घेते. काल आणलेल्या रहस्यकथेला ताज्या शाईचा वास होता, पण मला त्यात तळणाच्या तेलाचाच वास आला.

तिथेच बाबांची भज्यांची गाडी होती. मी तेव्हा शाळेत शिकत होते. एकदा मैत्रिणीची नवी कोरी रहस्यकथा गाडीमागे बसून वाचत होते. खुनी कळणार, एवढ्यात बाबांनी पुस्तक ओढलं, शेवटचं पान तेवढं फाडलं आणि त्यात भजे बांधून गिऱ्हाइकाला दिले. उरलेलं पुस्तक माझ्या मांडीवर फेकलं.

“काहून फाडलं, बाबा?”

“वाच ना आता, पोट भरून!” ते हसले. गिऱ्हाईकही हसलं आणि पुडा घेऊन कारंज्याच्या बसमध्ये चढलं.

आता बाबांना दिसत नाही. दुपारी मीच त्यांना वाचून दाखवते. आज कालच्या रहस्यकथेच्या शेवटच्या पानाशी मी थांबले.

“काहून थांबली? खून कोनं केला?”

“शेवटचं पानच नाही, बाबा. कोनं तरी भजे बांधले असतीन त्याच्यात.”

ते हसले नाहीत. मग त्यांच्यासमोरच बसून मी ते पान मनातल्या मनात वाचून काढलं.