फिल्टर लावलाय का, सर?

आता कुठल्या तोंडाने सांगू तुम्हाला! पण चहा पाजलायत, तर सांगतो. हसा खुशाल, फक्त आमच्या मेधासमोर विषय काढू नका.

मेधा माझी मुलगी. पुण्याच्या कंपनीत आहे. मी इथे रत्नागिरीत एकटा, म्हणून तिथल्या साहेबांनी तिला घरून काम करायला परवानगी दिली. मग आम्ही आपल्या साध्या फोनच्याच तारेवर ब्रॉडबँड घेतलं. नवी वायर नको, भिंत फोडायला नको, आणि नेट चालू असताना फोनही करता येतो! मी पडलो भौतिकशास्त्राचा निवृत्त मास्तर. अख्ख्या आळीला कौतुक सांगत सुटलो.

आणि नेट तुटायला लागलं. दिवसातनं सात-सात वेळा! घरात फोन दोन, एक आत, एक पडवीत. मी पडवीतल्या फोनवरून तक्रार करायचो. तक्रार करावी, तर नेट आणखीच तुटायचं. मग मी परत तक्रार करायचो. तक्रार केंद्रातली मुलगी माझा नुसता "हॅलो" ऐकून "बोला सर" म्हणायला लागली.

शेवटी साहेबांनी मेधाला बजावलं, "आता मीटिंग तुटली, तर सरळ पुण्याला या." पोर आत्ता कुठे घरी आली होती हो!

सकाळीच लाइनमनला फोन लावला. प्रदीप, माझाच विद्यार्थी. वारंवारता म्हणजे काय ते सांगता येईना, म्हणून याला मी एकदा तासभर बाकावर उभा केलेला.

"सर, फिल्टर लावलाय का?"

मला वाटलं, याला कुठलंही पाणी बाधत असेल, म्हणून यायच्या आधी चौकशी करतोय.

"लावलाय तर! कँडलसुद्धा नवीन घातलीय."

"कँडल?... सर, दोन्हीकडे लावलाय ना?"

"दोन्हीकडे कशाला? स्वयंपाकघरात एक पुरतो."

"स्वयंपाकघरात पण फोन आहे?"

"मेल्या, तू आधी ये! हवं तर पाणी उकळून देतो!"

"भाट्याला खांबावर चढलोय सर. दुपारी येतो."

अकराला मेधाची मीटिंग सुरू झाली. छान चालली होती. पण मला चैन पडेल तर ना! म्हटलं, प्रदीपला जरा दम देऊन ठेवावा. पडवीत जाऊन फोन लावला. "आज नेट गेलं ना, तर बघ—"

आतून मेधा ओरडली, "बाबा, गेलं!"

"ऐकलंस? गेलं! लाज कशी वाटत नाही रे तुम्हा लोकांना?" अहो, काय काय बोललो मी त्याला! आजसुद्धा आठवलं की मान वर होत नाही.

मेधा डोळे पुसतच बाहेर आली. साहेबांनी चार वाजताची शेवटची संधी दिली होती.

साडेतीनला प्रदीप आला. पडवीतला फोन बघून थबकला. "सर, याचा फिल्टर कुठाय? मोडेमच्या खोक्यात दोन दिलेले, आतल्या फोनला एक लागलाय. पांढरी डबी, काडेपेटीएवढी."

ती? ती फोनशेजारीच होती. पेपर उडू नये म्हणून मी वर ठेवली होती!

प्रदीपने ती डबी फोन आणि तारेच्या मध्ये बसवली. हळूच म्हणाला, "बोलणं कमी वारंवारतेचं, नेट जास्त वारंवारतेचं. तार एकच. फिल्टर नसला, की फोन उचलल्याबरोबर नेट पडतं. वारंवारता तुम्हीच शिकवलीत, सर. बाकावरून फळा चांगला दिसायचा."

टोमणा नव्हता हो तो. खरंच मनापासून बोलत होता, म्हणून तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजले. आत मेधा बोलायला लागली.

"आता फोन करून बघा, सर."

"कुणाला करू?"

"तक्रारीचाच लावा. पाठ आहे तुम्हाला."

लावला. "बोला सर, परत गेलं?"

"नाही. माझ्या सगळ्या तक्रारी मागे घ्यायच्यात." आत मेधाचा आवाज चालूच होता. एकदाही तुटला नाही.

"बरं. बिघाड कशात होता म्हणून लिहू?"

प्रदीप समोरच उभा. मी खाली बघत म्हटलं, "लिहा... भौतिकशास्त्राच्या मास्तरात."