साहेब येईपर्यंत

दहाव्याला भाषणं होतात असं परगावच्या माणसाला सांगितलं की तो माझ्याकडे संशयाने बघतो. आमच्या पिंपरी-चिंचवडमध्ये होतात, पार चाकणपर्यंत होतात. नदीकाठी मंडप, खुर्च्या, महाराजांचं प्रवचन, आणि मग माइकवरून श्रद्धांजली. जमलेले पुढारी एकेक करून उठतात आणि ‘दोन शब्द’ बोलतात. कोणाला आधी बोलवायचं, कोणाला शेवटी, हे सांभाळायला एक माणूस लागतो. रिटायर झाल्यापासून आमच्या भागात तो माणूस मी आहे. कंपनीत असताना युनियनच्या गेट मीटिंगला माइक माझ्याच हातात असायचा. गेट सुटलं, माइक काही सुटला नाही. बायको म्हणते, लोकांच्या घरचं माणूस जातं आणि यांच्या अंगात उत्साह येतो. म्हणू दे बापडी.

पण मला या कामाची खरी गोडी लागली ती एका माणसामुळे. जुन्या गाववाल्यांपैकी होता. सुरुवातीला मंडपाच्या पार मागे उभा असायचा. कुणीतरी माझ्या कानाशी येऊन सांगायचं, त्यांचंही नाव घ्या. मी घ्यायचो, सगळ्यांत आधी, म्हणजे लोक अजून खुर्च्या शोधत असताना. मग तो नगरसेवक झाला आणि त्याचं नाव मध्यावर आलं. मग आमदार झाला आणि शेवटी गेलं. आमच्याकडे सगळ्यांत मोठा माणूस शेवटी बोलतो. कुणाचं राजकारण कुठवर पोचलंय ते मी पेपरात वाचत नाही, माझ्याच तोंडून ऐकतो.

आमदार झाल्यावर तो घाईत यायचा, बोलायचा आणि पुढच्या घाटाला निघायचा. मध्ये पक्ष बदलला, गळ्यातल्या उपरण्याचा रंग बदलला, पण दहावा चुकला नाही. मला भारी कुतूहल. रोज सकाळी परक्यांच्या दुःखात बसायचं म्हणजे काय राव. या माणसाला आतून काही वाटतं तरी का? एकदा त्याने मला गाडीतून घरापर्यंत सोडलं, संत तुकाराम नगरात, तेव्हा मी विचारूनच टाकलं. तो हसला. म्हणाला, “काका, लग्नात आपुन नसलो तर कुणाच्या ध्यानात येत न्हाई. हितं नसलो की जल्मभर ध्यानात ऱ्हातं.” मी विचारलं काय आणि याने सांगितलं काय. पण पुढारी माणूस, पुन्हा कसं विचारणार.

मागच्या निवडणुकीत तो पडला. चांगलाच पडला. त्यानंतर घाटावर एक गंमत सुरू झाली, म्हणजे त्याच्यासाठी गंमत नव्हतीच. तो यायचा, बसायचा, आणि घरवाले हळूच येऊन मला सांगायचे, आज वेळ कमी आहे, नावं थोडी आवरा. आवरायचं नाव म्हणजे त्याचं. घाटावर नाव पुकारलं जाईना तर वरचे लोक पुढच्या वेळी तिकीट कशाला देतील? हे त्यालाही कळत होतं आणि मलाही.

मग पुनावळ्यातला तो दहावा आला. एका म्हातारीचा. सकाळी चहा पिताना पहिला फोन तिच्या मुलाचा. “काका, एक विनंती हाय. माजींना माइक देऊ नका. नव्या आमदारसाहेबांच्या शब्दावर माझ्या गाड्या कंपनीत भाड्यानं लागल्यात. त्यांना न्हाई आवडायचं.” बरं म्हणून ठेवला, तर लगेच दुसरा. खुद्द माजी आमदार. आमदार असताना त्याच्या पीएचा फोन यायचा, हा पहिल्यांदाच स्वतः बोलत होता. “काका, आज माझं नाव घ्या. पडल्यापासनं कुठंच बोललो न्हाई. लोक समजाय लागलेत की ह्यो संपला. सुरवातीला टाका, मधी टाका, कुठंबी टाका.”

बायकोने विचारलं, आता काय करणार? मी म्हटलं, बघू.

“बघू म्हणजे तुम्हाला मजा बघायचीय,” ती म्हणाली. चाळीस वर्षं संसार केलाय, ओळखणारच.

घाटावर गेलो तर तो माझ्याही आधी येऊन बसलेला. स्वतः गाडी चालवत आला होता. पुढचा सोफा नव्या साहेबांसाठी राखलेला, म्हणून हा तिसऱ्या रांगेत. प्रवचन संपलं तरी नव्या साहेबांचा पत्ता नाही. फोन लावला तर कळलं, चाकणच्या चौकात कंटेनरच्या मागे अडकलेत, येतातच. मी एकेक नाव घेत गेलो. पतसंस्थेचे झाले, सोसायटीचे झाले, भजनी मंडळाचे झाले. नावं संपली. मागच्या रांगेतली माणसं चपला शोधायला लागली.

मुलगा घामाघूम होऊन माझ्याजवळ आला. “काका, साहेब येईपर्यंत कुणीतरी बोललं पाहिजे.”

“कोण राहिलंय?” मी मुद्दाम विचारलं.

त्याने तिसऱ्या रांगेकडे पाहिलं. “बोलवा त्यांना. पण साहेबांची गाडी दिसली की थांबवा.”

मी नाव पुकारलं. तो उठला, कुडता सारखा केला आणि आला. आपल्याला वेळ काढायला उभं केलंय हे त्याला न कळायला तो काय काल राजकारणात आला होता? माझाच जीव खालीवर होत होता. पण तो बोलायला लागला आणि मी चकित झालो. इतकी वर्षं ऐकतोय, असं कधी ऐकलं नव्हतं. एरवी तेच ते, माऊली गेली, आधारवड गेला. आज घाई नव्हती ना. त्याने सांगितलं, म्हातारीची जमीन बिल्डरकडे गेली, तिथे टॉवर उभा राहिला, तरी हिने शेवटची म्हैस विकू दिली नाही. टॉवरच्या पार्किंगमध्ये बांधली, आणि सोसायटीवाले भांडायला आले तेव्हा त्यांना खरवस देऊन परत पाठवलं. पहिल्या रांगेत तिच्या सुना डोळे पुसत होत्या आणि हसतही होत्या. चपला शोधणारे परत बसले.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. तो सारखा रस्त्याकडे बघत होता. सगळेच बघत होतो, पण त्याचं बघणं वेगळं. पुलावरून गाडी वळली की त्याचा आवाज अडायचा. ती कंपनीची बस निघाली किंवा पाण्याचा टँकर, की पुन्हा मोकळा व्हायचा, आधीपेक्षा रंगायचा. मला वाटलं, मी मध्येच थांबवीन म्हणून धास्तावलाय. वाईट वाटलं मला. मनात ठरवलं, गाड्या आल्या तरी मी याला थांबवायचं नाही.

गाड्या आल्या. ओळीने, पांढऱ्या. मुलगा धावला, निम्मे लोक उभे राहिले. हा वाक्याच्या मध्यावर होता. ते तसंच सोडून म्हणाला, “साहेब आलेत, आता त्यांनी श्रद्धांजली वाहावी,” आणि माइक माझ्या हातात देऊन जागेवर गेला. साहेब बोलले, सगळ्यांना हात जोडले आणि पुढच्या घाटाला निघाले. त्यांच्या मागे बरीच माणसं गेली.

बाकीचे तिलांजलीला नदीत उतरले तेव्हा तो पायऱ्यांवर एकटा होता. मी शेजारी बसलो. म्हटलं, “आज फार छान बोललात. पण सारखं रस्त्याकडं बघत होतात. मी तुम्हाला थांबवणार नव्हतो.”

“तुमचं भ्या नव्हतं, काका,” तो म्हणाला. “माझं पयलं भाषण असंच झालं. तुमी तवा कंपनीत व्हता. मोशीकडं, इंद्रायणीच्या काठाला. तवाच्या साहेबांना उशीर झालता. घरवाले मला म्हणाले, ते येईपर्यंत जरा खेच. मी खेचत ऱ्हायलो आणि साहेब आलेच न्हाईत. लोक म्हणाले, साहेब न्हाई आले, पण ह्यो आला. तितनं सगळं चालू झालं.”

मी पुलाकडे पाहिलं.

“आजबी वाटलं व्हतं,” तो म्हणाला, “चाकणचा चौक काय सुटत न्हाई.”